टर्बोच्या गरम पार्टना सिरॅमिक कोटिंग: बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतलं त्याचा अनुभव

आधीच सांगतो, हे बॉडीवर चमक आणायचं सिरॅमिक कोटिंग नव्हे, टर्बोची (इंजिनच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) उष्णता आतच राहावी म्हणून द्यायचा थर. मी चार ठिकाणी फोन केला तर तिघांनी "सर बोनेट, रूफ सगळं करून देतो, तीन वर्षं धूळ चिकटत नाही" असं सुरू केलं, मी म्हटलं अहो मला टर्बोचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच करायचंय, इंजिनातला धूर टर्बोकडं नेणारा मॅनिफोल्ड करायचाय, तर पलीकडनं शांतता.

माझी पिकअप आहे, डिझेल, लई जुनी. आठवड्यातनं दोनदा भाजी घेऊन म्हापशाला आणि येताना नारळ भरून परत. केरीपासनं चोर्ल्यापर्यंतचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा म्हणजे टर्बो लालबुंद होतोय आणि त्या उष्णतेनं शेजारच्या वायरिंगवरची नळी कडक होऊन बिस्किटासारखी तुटायची, वर्षात दोनदा बदलली. म्हणून यंदा टर्बो ओव्हरहॉलला उतरवलाच होता तर म्हटलं हे पण करून टाकूया.

पहिला प्रयोग फसला. एका ठिकाणी (नाव घेत नाही) "सिरॅमिक" म्हणून डाऊनपाईपला (टर्बोतनं धूर पुढं नेणारा पाईप) मारून दिलं, चौथ्या फेरीला पापडासारखे पापुद्रे निघाले. खरवडून बगतो तर खाली गंज तसाच! गंजावरच डब्यातला सिल्व्हर सायलेन्सर पेंट फवारलेला. दोन हजार गेले.

मग फाउंड्रीत कामाला असलेल्या मेव्हण्यानं उद्यमबागेतल्या एका मामांकडं नेलं. शेडला बोर्ड नाही, मूळ काम पावडर कोटिंगचं, हे बाजूला करतात. मामांनी हाउसिंग हातात घेऊन वजन बगितलं, वास घेतला आणि म्हणाले, "बीड (ओतीव लोखंड) आहे हे, दीड लाख किलोमीटर तेल प्यालंय, आधी ते बाहेर काढूया." डिग्रीजरनं धुतलं, मग 300 डिग्रीला दोन तास ओव्हनमध्ये. मला वाटलं होतं धुतल्यावर स्वच्छच आहे, पण दार उघडल्यावर हाउसिंगवर काळे ओघळ, घाम फुटल्यासारखे. हे तेल आतच राहिलं असतं तर पहिल्याच चढाला कोटिंगच्या खालनं बाहेर येऊन फुगे आणलं असतं. परत धुतलं, परत तापवलं.

मग ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोरावर कणांचा मारा करून पार्ट खरवडणं, ते ॲल्युमिनियम ऑक्साईडनं, आणि ते सकाळीच. जुलै महिना, बेळगावचा पाऊस माहीतच आहे, उघडं पडलेलं बीड दोन-चार तासांत तांबूस व्हायला लागतं, म्हणून सकाळी ब्लास्ट आणि दुपारच्या आत फवारा. ब्लास्ट झालेला जॉब एकदम मऊ करडा दिसतो, मी सहज बोट लावायला गेलो तर मामांनी हातावर चापट मारली, बोटाचं तेल लागतं म्हणून. त्याच वेळी त्यांनी वेस्टगेटच्या (जादा धूर बाजूनं सोडून द्यायची झडप) तोंडाशी केसाएवढी चीर दाखवली, "हे बगा, आत्ताच दाखवून ठेवतोय, नंतर मला बोलू नका." तिथं अशी चीर बऱ्याच जुन्या टर्बोंत सापडते म्हणे, पण पेंटवाल्यानं ती झाकून दिली असती हे नक्की.

थर एकदम पातळ, 50 मायक्रॉनच्या आत. मी म्हटलं अजून एक हात मारा की, तर म्हणाले जाड केलं की बीड तापून फुगतं आणि वरचा थर तडकतो. विमानाच्या इंजिनात पात्यांवर झिरकोनिया या सिरॅमिकचा जाड थर बसवतात तो प्लाझ्मा गननं, खाली आधी धातूचा वेगळा थर देऊन. आपलं ते नव्हे, इथं साध्या गननं फवारायचं आणि हे मटेरियल हवेतच वाळणारं, पाच दिवस हात लावायचा नाही.

आता तक्रार. पाच दिवसांचे बारा झाले. चारदा गेलो, चारदा पोऱ्यानं "नाळी बर्री" (कन्नडमध्ये "उद्या या") म्हणून परत पाठवलं. आणि मास्किंग कच्चं: फ्लॅंजच्या पॅकिंग बसायच्या तोंडावर एका कडेला कोटिंग, स्टडच्या दोन भोकांत पण. फिटरनं आठचा टॅप फिरवून आणि तोंड घासून घेतलं. तुम्ही देणार असाल तर पॅकिंगची तोंडं, आटे आणि वेस्टगेटची झडप बसते ती जागा खडूनं खूण करून द्या. हाउसिंग, मॅनिफोल्ड आणि तो डाऊनपाईप, तीन नगांचे 8,500 घेतले, कच्चं बिल.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर आणि उग्र वास येतो, घाबरू नका. दहा मिनिटं आयडल, थंड, परत, असं तीनदा करा म्हणाले, केलं.

फरक? गाडीचा जोर वाढला असं मला तर वाटलं नाही. उष्णता वायूतच राहते, टर्बाईनला जास्त मिळते वगैरे खरं असेल, नारळ भरलेल्या गाडीत ते कळत नाही. बोनेटखाली मात्र कळतं. टेंपरेचर गन त्या पार्टवरच धरू नका, गंजकं बीड आणि कोटिंग यांचं रीडिंग सारखं धरून चालत नाही. मी इंजिनवरच्या काळ्या प्लास्टिक कव्हरवर धरली, चोर्ल्याला चढून आल्या आल्या: आधी 81, आता 68. आधीचं मे मधलं, हे दिवाळीनंतरचं, त्यामुळे हवेतला फरक पण धरा. नळी मात्र अजून मऊ आहे.

पाच महिन्यांनी मॅनिफोल्ड आणि हाउसिंग जसंच्या तसं, डाऊनपाईपला खाली दगड लागून दोन टवके. फिटर आधी म्हणत होता नुसती कापडी पट्टी गुंडाळ, स्वस्तात होतंय. होतंय खरं, पण जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ती पट्टी पाणी पिऊन बसते आणि आतल्या आत पाईप कुजवते, भावाच्या गाडीचा बगितलाय.

जायचं तर पार्ट खोलूनच न्या आणि सकाळी दहाच्या आत जावा, गाडी घेऊन गेलात तर मामा गेटवरनंच परत पाठवतात.