फिक्स्ड की फ्रीव्हील? एकाच चाकाच्या दोन बाजू

एका गिअरची सायकल घ्यायचे एकदा ठरले की फ्रेम, रंग आणि हँडल यांचे निर्णय आपोआप होत जातात. अडतो तो एकच प्रश्न, मागच्या चाकाच्या कोणत्या बाजूला चेन चढवायची. अशा अनेक सायकलींच्या मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, दोन्ही बाजूंनी आटे असतात; एका बाजूला फ्रीव्हील बसते, ज्यात पाय थांबले तरी चाक फिरत राहते, आणि दुसऱ्या बाजूला हबशी घट्ट जखडलेला कॉग (चेनचे दातेरी चक्र), म्हणजे फिक्स्ड गिअर, ज्यात चाकाबरोबर पायडलही फिरतच राहतात. चाक उलटवले की सायकलची जात बदलते. त्यामुळे निर्णयाची घाई नाही असे दुकानदार सांगतात आणि ते चुकीचे नाही. पण माझा अनुभव असा की पहिल्या महिन्यात चाक ज्या बाजूने बसते, त्याच बाजूने ते पुढे वर्षभर राहते, म्हणून हा विचार आधीच केलेला बरा. मी दोन पावसाळे फ्रीव्हीलवर आणि त्यानंतरचे तीन पावसाळे फिक्स्डवर काढले आहेत. गोव्यात सायकलची वर्षे पावसाळ्यांनीच मोजावीत, असे मला वाटते.

माझा रोजचा रस्ता पणजीहून रायबंदर, तेथून फेरीबोटीने चोडण आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत, असा आहे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला बांधरस्ता तीन किलोमीटरांहून थोडा लांब आणि जवळजवळ सपाट आहे. चोडणला उतरल्यावरही खारफुटी आणि खाजन शेतीच्या (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीच्या) कडेने जाणारा रस्ता फारसा चढत नाही. अशा ठिकाणी अनेक गिअर असलेली सायकल हवीच असे नाही. ज्याचा रोजचा मार्ग पर्वरीचा चढ किंवा आल्तिनोची टेकडी यांवरून जातो, त्याने मात्र माझे पुढचे म्हणणे थोडे सावधपणे घ्यावे.

फ्रीव्हीलच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते आधी सांगणे न्याय्य ठरेल. उतारावर पाय स्वस्थ ठेवता येतात. गतिरोधक आला की दोन्ही पायडल आडवे धरून सीटवरून किंचित उठता येते आणि धक्का पाठीपर्यंत पोहोचत नाही. थांबल्यावर पायडल उलटे फिरवून पाऊल हव्या त्या जागी आणता येते, त्यामुळे सिग्नल सुटताच निघणे सोपे जाते. आंतरगोव्यातील अरुंद वाटांवर, जेथे जांभ्या दगडाची कुंपणे थेट डांबराला टेकलेली असतात, वळणावर आतल्या बाजूचा पायडल वर उचलून ठेवणे ही मोठीच सोय आहे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्याला किंवा बाजारातून भरलेल्या पिशव्या हँडलला अडकवून येणाऱ्याला मी फ्रीव्हीलच सुचवेन. पहाटे गावोगाव पाव पोहोचवणारा पोदेर ज्या सायकलवर फिरतो तीही फ्रीव्हीलचीच असते आणि त्याच्याइतकी सायकल आपल्यापैकी थोडेच जण चालवतात.

तरीही मी चाक उलटवले, त्याला कारण झाली एक बारीकशी बाब. ज्याने ती भोगलेली नाही त्याला ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

फ्रीव्हीलच्या पोटात लहान खटके असतात. बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते, ते सभोवतालच्या दात्यांत अडकतात आणि पायाचा जोर चाकाला मिळतो. पाय थांबले की ते दात्यांवरून घसरत जातात आणि ओळखीची टिकटिक ऐकू येते. चेन ज्यावर चढते तो बाहेरचा भाग आणि हबला बसलेला आतला भाग यांच्यामध्ये एक फट असतेच आणि साध्या फ्रीव्हीलला ती फट नीट झाकलेली नसते. फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरती फरशी असते. उन्हाळ्यात तिच्यावर मांडवीचे खारे पाणी येते, पावसाळ्यात लाल गढूळ. दिवसातून दोनदा त्या पाण्यातून सायकल नेली आणि मधल्या वेळेत ती फेरीच्या ओल्या पत्र्यावर उभी केली की काही महिन्यांत आतले ग्रीस धुऊन जाते किंवा मातीशी मिसळून चिकट होते. आधी टिकटिक मंद होते. मग एखाद्या सकाळी खटका वर उठतच नाही.

माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा घडले ते रायबंदरच्या धक्क्यावर, ओहोटीच्या वेळी. फेरी लागली होती, मागून दुचाक्यांची रांग बाहेर पडत होती आणि मी उभा राहून पूर्ण वजन उजव्या पायडलवर टाकले. पायडल काहीही न धरता थेट खाली गेला, छाती हँडलवर आपटली आणि नडगीला लागले. मागच्या स्कूटरवाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून त्यापुढे काही झाले नाही. फ्रीव्हील काढून रॉकेलमध्ये धुतले, नवे तेल घातले आणि ते पुन्हा टिकटिकू लागले. तीन आठवड्यांनी बांधरस्त्यावर, भर वाऱ्यात, पुन्हा तेच. मग नवे फ्रीव्हील घेतले आणि दुसऱ्या पावसाळ्यात तेही त्याच वाटेने गेले. दुरुस्त करणाऱ्या वयस्क मिस्त्रींना मी विचारले की उपाय काय, तेव्हा ते म्हणाले, "बाब, तेल घातलं तर माती धरतं आणि नाही घातलं तर गंज धरतो. नदीच्या पाण्यातून रोज नेणार असाल तर हे असंच चालायचं."

खर्चाचे मला फारसे वाटले नाही; फ्रीव्हील ही काही महाग वस्तू नव्हे. मला छळले ते अनिश्चिततेने. उभे राहून जोर देण्यापूर्वी दर वेळी पाय अर्धवट दाबून पाहायचा, धरले की मग वजन टाकायचे, अशी सवय मला लागली आणि सायकल चालवण्याचा आनंद त्या एका शंकेने कमी कमी होत गेला. दर आठवड्याला साफसफाई करणाऱ्याला किंवा चांगल्या प्रतीचे, फट झाकलेले फ्रीव्हील घेणाऱ्याला हा त्रास बहुधा इतका होणार नाही. पण रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या हातून दर आठवड्याची साफसफाई होत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

फिक्स्ड कॉगच्या पोटात काहीच नसते. ते एक दातेरी लोखंडी कडे आहे, हबच्या आट्यावर घट्ट बसलेले, आणि त्याच्या बाहेरून उलट्या आट्याची लॉकरिंग, जी पाय मागे रेटल्यावर कॉगला सुटू देत नाही. त्यात खारे पाणी जाऊन बिघडवील असे काही नाही. चेन गंजते, तिला तेल लागते, ती झिजते, हे दोन्हीकडे सारखेच. पण पायडलवर वजन टाकले की चाक फिरते, यात तीन पावसाळ्यांत एकदाही खंड पडलेला नाही.

पावसात दुसरा एक फरक जाणवतो, ज्याची मला आधी कल्पना नव्हती. भिजलेल्या रिमवर ब्रेकचे रबर लगेच धरत नाही. चाकाचा एखाद-दुसरा फेरा पाणी पुसण्यातच जातो आणि तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते. फिक्स्डवर त्या मधल्या क्षणात पायच वेग कमी करू लागतात. त्यामुळे ब्रेक दाबण्याची वेळ कमी येते आणि लाल मातीच्या कणांनी रिम खरवडली जाण्याचे प्रमाणही माझ्या पाहण्यात बरेच घटले. मी काही मोजमाप ठेवलेले नाही, परंतु फ्रीव्हीलवर एका पावसाळ्यात दोनदा बदलावे लागणारे मागचे रबर आता संपूर्ण हंगाम पुरते.

याचा अर्थ ब्रेक काढून टाकावेत असा कोणी घेऊ नये. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल धावपट्टीवर, बिनब्रेकच्या सायकली धावतात, पण तेथे सगळे एकाच दिशेने जातात आणि समोरून बस किंवा आडवी गाय येत नाही. रस्त्यावर निदान पुढचा ब्रेक हवाच आणि नवशिक्याने दोन्ही ठेवावेत. त्याचप्रमाणे पायडलला पाऊल धरून ठेवणारे पट्टे किंवा टो-क्लिप असल्याशिवाय फिक्स्ड चालवू नये, कारण वेगात पाऊल सुटले तर पायडल फिरतच राहतात आणि ते पुन्हा पकडणे अवघड जाते.

आता सुरुवातीविषयी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे एकदा तरी होते, ते म्हणजे विसरून पाय थांबवणे. सायकल पाय थांबू देत नाही. ती मागून उचलल्यासारखी वर ढकलते. मला हा धक्का रायबंदरमधल्या एका गतिरोधकावर बसला, कारण जुन्या सवयीने मी पायडल आडवे करू पाहिले. नंतर लक्षात आले की गतिरोधकापूर्वीच वेग कमी करायचा, पाय फिरतेच ठेवायचे आणि फक्त बसण्याचा भार सीटवरून किंचित उचलायचा. पहिले आठ-दहा दिवस पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, सपाट रस्त्यावरच सराव करावा. बांधरस्त्यासारखी जागा यासाठी उत्तम. मिरामारचा किनाऱ्यालगतचा रस्ताही चालेल. थांबल्यावर पायडल योग्य जागी आणण्यासाठी पुढचा ब्रेक दाबून सीट धरून मागचे चाक उचलावे लागते. ही फिक्स्डची खरी कटकट आहे आणि ती सवयीने कमी होते, पण संपत नाही.

गिअरच्या बाबतीत दुकानातून येते ते बदलून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. माझ्या सायकलला 46 दात्यांचे चेनव्हील (पायडलजवळचे पुढचे चक्र) आणि 16 दात्यांचा कॉग होता. 28 मिलिमीटर रुंद टायरवर त्यात पायडलच्या एका फेऱ्याला सुमारे 6.1 मीटर अंतर जाते. सपाट रस्त्यावर हे छान वाटते, पण थांबताना पायांना फार ओढ बसते आणि वाऱ्याविरुद्ध दम लागतो. मी 44 आणि 18 केले, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 5.2 मीटर. ताशी 20 किलोमीटर वेगाला मिनिटात 64 फेरे होतात, जे कोणालाही झेपतील. उलट, दोनापावलाच्या उतारावर वेग 40 वर गेला तर पायांना मिनिटात जवळजवळ 128 फेरे घ्यावे लागतात आणि ते नवशिक्याला झेपत नाहीत. तेथे ब्रेक लावून हळूच उतरावे. पुढे कधी मागचे चाक अडवून घसरवण्याची हौस झाली, तर 48 आणि 16 अशी पूर्ण भाग जाणारी जोडी टाळावी, कारण तिच्यात टायर एकाच जागी घासला जातो. 44 आणि 17 मध्ये ती झीज 17 जागी वाटली जाते. दातांच्या या हिशेबाकडे सुरुवातीला लक्ष दिले नाही तरी चालते.

चेनच्या ताणाकडे मात्र द्यावेच लागते. फ्रीव्हीलवर सैल चेन उतरली तर हात काळे होतात, एवढेच. फिक्स्डवर ती उतरून कॉगमध्ये अडकली तर चाक जागीच थांबते. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण अर्धा इंच हलावी, त्याहून जास्त नको आणि अगदी ताठही नको. ताण जुळवताना चाकाचे नट सैल करण्यासाठी 15 मिलिमीटरचा पाना पिशवीत ठेवावा. आणि चेन पुसताना चाक हाताने फिरवत फडके कॉगजवळ कधीही धरू नये. फिरते चाक चेनला थांबू देत नाही आणि बोट आत ओढले गेले तर ते वाचत नाही. घरात लहान मुले असतील तर सायकल उलटी करून चाक फिरवण्याचा खेळ पहिल्या दिवशीच बंद करावा.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी तपासावी. फ्रीव्हीलचा आणि कॉगचा आटा इतका सारखा असतो की फ्रीव्हीलच्या बाजूवरही कॉग बसतो आणि बसवून देणारेही भेटतात. पण त्या बाजूला लॉकरिंगसाठी लहान व्यासाचा, उलटा आटा नसतो. असा कॉग पाय मागे रेटताच सुटू लागतो, म्हणजे नेमका थांबायच्या वेळी. हबवर दोन पायऱ्यांचा आटा दिसला तरच ती फिक्स्डची बाजू समजावी.

ज्याला फोंड्याच्या बाजूला चढ-उतारांवर दूर जायचे आहे, किंवा ज्याची सायकल पावसाळाभर घरातच राहणार आहे, त्याला फ्रीव्हीलमध्ये गैर काही दिसणार नाही आणि त्याने तेच घ्यावे. माझ्याही चाकाच्या दुसऱ्या बाजूला 18 दात्यांचेच फ्रीव्हील अजून आहे. दाते सारखे असल्याने चाक उलटवले तरी चेनची लांबी बदलत नाही. डिसेंबरात, रस्ते कोरडे असताना, एखाद्या रविवारी मी ते वापरतो. सोमवारी सकाळी फेरीला जाण्यापूर्वी चाक पुन्हा उलटवलेले असते.