मालवणातली खानावळ : साडेतीन तारे, अर्धा वाळूत गेला

बंदर रस्त्याच्या आतल्या गल्लीत, पायऱ्या उतरून जावं लागतं अशा घरात ही खानावळ आहे. पाटी नाही. चार टेबलं, एक पंखा, मागे विहीर.

आधी माझ्याबद्दल. मी कुडाळचा, नळाच्या फिटिंगचा माल दुकानांना पुरवतो. ‘गाडी निघाली’ हे वाक्य दिवसातून दहादा बोलतो आणि गाडी तेव्हा गोडाऊनलाच उभी असते. तेव्हा खरं-खोटं मला जरा लवकर कळतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचे दोन मित्र आले होते. बसल्या बसल्या त्यांनी सुरमई मागितली. खानावळ चालवणाऱ्या काकी म्हणाल्या, “इसवण घेव नकात. बर्फातली आसा. तिसऱ्यो आजच्यो आसत.” इसवण म्हणजे सुरमई, तिसऱ्यो म्हणजे शिंपल्या. मित्रांची तोंडं उतरली. एकाने विचारलं, समुद्र इथेच आहे ना? आहे की, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. इथे पोरासोरांना ठाऊक असतं, पाहुण्यांना कोण सांगतो?

मागच्या जुलैत याच गावात दुसरीकडे ‘पहाटेच उतरलीय’ म्हणून आम्हाला सुरमई वाढली होती. पहिल्या घासालाच मांस भुसभुशीत लागलं. मी गप्प बसलो, कारण सोबत आलेला व्यापारी खुशीत फोटो काढत होता आणि माझी ऑर्डर त्याच्याकडे अडकली होती.

इथे सुरमई थाळी ४५०, तिसऱ्यांची २२०. आम्ही तिघे. म्हणजे एका वाक्यात काकींनी ६९० रुपयांची विक्री सोडली. माझ्या धंद्यात असं कोणी केलं तर शेठ घरी बसवेल.

तिसऱ्यांचं सुकं आलं. एकेक शिंपी ठेवलेली, खोबरं हाताने भाजलेलं, तिखट बेताचं. सोलकढी नारळाच्या दाट रसाची, वरून मिरचीचा ठेचा. भात उकड्या तांदळाचा. इथवर चार तारे.

पण तिसऱ्या तासन्तास मिठाच्या पाण्यात ठेवल्या नाहीत तर आतली वाळू सुटत नाही. तिसऱ्या-चौथ्या शिंपीला दाताखाली कच्च झालं.

काकी आल्या. “कसा झाला?” मित्र एकदम म्हणाले, एक नंबर! मीही तेच म्हणणार होतो, ‘एक’ जिभेवर आलाही होता. मग म्हटलं, “काकी, दोन-तीन शिंप्यांत रेंव लागली.”

मित्राने टेबलाखालून पाय मारला. काकींनी माझ्या वाटीतली एक शिंपी उचलली, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. “घायेत धुतलंय आज,” म्हणजे घाईत, एवढंच म्हणून आत गेल्या. आतून भांडी जरा जोरात वाजली. नंतर भात वाढायला त्या आल्या नाहीत, सून आली. बिलात एक पैसा कमी नाही. मला वाटतं तेच बरोबर. खाल्लं तर आम्ही सगळंच होतं.

आठवड्याने पुन्हा एकटा गेलो. काकींनी मला ओळखलं, पण हसल्या नाहीत. “तिसऱ्यो आज नाय. बांगड्याचा सुक्या आसा, खारट झालाहा. चलात?”

चालला. खारटच होता.

जाणाऱ्यांनी दीडच्या आत जा, भात संपतो. गाडी वर रस्त्यालाच लावा, गल्लीत वळत नाही. आणि काय ताजं आहे ते आधी विचारा.