गुणांची रांग की फाइलीची चाळण: कुठल्या दारात उभं राहायचं?

शाळा संपत आलेल्या मुलाला दोन्ही प्रकारच्या प्रवेशांची तयारी एकाच वर्षी सहसा झेपत नाही. वेळ, पैसा आणि डोकं यांपैकी काहीतरी आधी संपतं. जोर कुठे लावायचा या प्रश्नावर जी मुलं आणि त्यांचे आईवडील अडले आहेत, त्यांच्यासाठी ही तुलना.

एक दार गुणांच्या रांगेचं. एक परीक्षा, एक आकडा, त्या आकड्यावरून क्रम. चीनचं गाओकाओ, दक्षिण कोरियाचं सुनुंग, भारतातली जेईई. दुसरं दार फाइलीचं. अमेरिकेतली निवडक कॉलेजं गुण, निबंध, शिफारसपत्रं, खेळ, घरची परिस्थिती असं सगळं वाचतात आणि समिती निर्णय घेते. जागा दोन्हीकडे थोड्या, लायक मुलं भरपूर. हुकलेल्याला दोन्हीकडे वाटतं, आपल्यावर अन्याय झाला. पण तो घडतो वेगवेगळ्या जागी. रांगेतला अन्याय बहुतेक वेळा परीक्षेच्या कित्येक वर्षं आधी झालेला असतो, फाइलीतला अर्ज पाठवल्यानंतर बंद खोलीत. यातला कोणता आपल्याला सोसेल, हे आधी पाहा असं माझं म्हणणं आहे.

रांगेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ती समजते. न्यायाची भावना कशाने तयार होते याचा अभ्यास करणाऱ्या जेराल्ड लेव्हेन्थल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये काही कसोट्या मांडल्या होत्या. नियम सगळ्यांना सारखे हवेत, ठरवणाऱ्याचा पूर्वग्रह नको, माहिती अचूक हवी, चूक झाली तर दुरुस्तीची वाट हवी. परीक्षा या कसोट्यांवर बरीच टिकते. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, उत्तरतालिका जाहीर होते, हरकत घेता येते. आयआयटीच्या १७,७४० जागांसाठी २०२४ मध्ये जेईई ॲडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार मुलं बसली, आणि तीही आधीच्या चाळणीतून पार झालेली. तरी हुकलेल्या मुलाला आपण कुठे कमी पडलो हे सांगता येतं. "गणितात गेले" हे वाक्य कडू असलं तरी गिळता येतं.

आता रांगेत पाणी कुठे मुरतं ते पाहू. सगळा भार एका पेपरवर असल्याने त्या पेपरला धक्का लागला की सगळंच हलतं. भारतात २०२४ च्या नीटमध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण दिसले, १,५६३ उमेदवारांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले, पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दुसरी गोष्ट शिकवण्यांची. दक्षिण कोरियात इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीच्या वेळी विमानांची उड्डाणं थांबवतात, इतकी काळजी त्या एका दिवसाची. मात्र तिथल्याच सरकारला २०२३ मध्ये जाहीर करावं लागलं की शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेरचे, खासगी शिकवणीशिवाय सुटणं अवघड असे प्रश्न यापुढे पेपरातून वगळले जातील. म्हणजे परीक्षा हॉलमध्ये सगळे सारखे, हॉलपर्यंत येणारा रस्ता मात्र सारखा नाही. चीनमध्ये तर प्रांतानुसार कोटा असतो. एकाच विद्यापीठात जायला कुठल्या प्रांतातून परीक्षा दिली यावर बरंच अवलंबून.

आणि रांगेतला एक गुण म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळतं. लाखोंच्या गर्दीत एका गुणावर हजारो क्रमांक मागेपुढे होतात. त्या एका गुणात गुणवत्ता किती आणि आदल्या रात्रीची झोप किती, हे परीक्षा सांगत नाही. तरी क्रमवारी मात्र असा आव आणते की १,२०० वा विद्यार्थी १,२५० व्यापेक्षा खरंच सरस आहे.

फाइलीचं आकर्षण इथूनच सुरू होतं. घरची कामं सांभाळून मिळवलेले ९० आणि तीन शिकवण्या लावून मिळवलेले ९५ यांत फरक आहे, हे माणूस वाचू शकतो, यंत्र नाही. कल्पना सुंदर आहे. अडचण ही की वाचणाऱ्याच्या टेबलावर आणखीही काही कागद असतात.

आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो असा आरोप करत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठावर खटला झाला, त्यामुळे त्यातले बरेच कागद उजेडात आले. एका वर्षी अमेरिकेतूनच आलेल्या सुमारे २६ हजार अर्जांपैकी ८ हजारांहून अधिक जणांचे शालेय गुण पैकीच्या पैकी होते. जागा साधारण १,६००. मग निवड झाली ती गुणांपलीकडच्या गोष्टींवर. त्यात माजी विद्यार्थ्यांची मुलं होती, खेळाडू होते, प्राध्यापकांची मुलं होती, 'डीन'च्या (प्रवेशप्रमुखाच्या) खास यादीतली, बहुतेक देणगीदारांशी संबंधित नावं होती. २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी याच कागदांवरून दाखवलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक या चार गटांतले होते. आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या शेऱ्यात सरासरी कमी गुण पडत होते, हेही त्याच खटल्यात आलं. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द केली. वारसाहक्काचा विचार, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, त्या निकालाने गेला नाही. काही ठिकाणी तो वेगळ्या वाटेने गेला. जॉन्स हॉपकिन्सने आपणहून बंद केला, एमआयटी तो धरतच नाही, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांसाठीही बंदीचा कायदा केला.

पैशाचं म्हणाल तर अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास बोलका आहे. आठ आयव्ही कॉलेजं (हार्वर्ड, येल यांसारखी जुनी, नामांकित) आणि त्यांच्या बरोबरीची चार, अशा बारा ठिकाणी परीक्षेचे गुण सारखेच असूनही सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांना मध्यमवर्गीयांपेक्षा दुपटीहून जास्त संधी मिळत होती. यात लाच नाही, सगळं नियमात. लाचेची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणात रिक सिंगर नावाचा सल्लागार खोटे खेळाडू उभे करून मुलांना 'बाजूच्या दाराने' आत सोडत होता.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा निबंध चार मोठ्या माणसांनी इतका घासूनपुसून दिला की शेवटी त्यात मुलगाच उरला नाही. पैसे देऊन असं करून घेणारे कितीतरी असतील. शिकवणीचा बाजार रांगेमागे आहे तसाच फाइलीमागेही, फक्त इथे त्याला 'समुपदेशन' म्हणतात.

म्हणूनच गंमत अशी झाली की कोविडच्या काळात परीक्षा ऐच्छिक करणारी कॉलेजं परत तिच्याकडे वळली. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटीसारख्या प्रवेशपरीक्षांचे गुण पुन्हा सक्तीचे केले, डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्डने २०२४ मध्ये तशी घोषणा केली. डार्टमथचं कारण ऐकण्यासारखं होतं. गरीब घरांतली काही मुलं आपले गुण कमी समजून कळवतच नव्हती, आणि कळवले असते तर तेच त्यांच्या कामी आले असते. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठ आता एसएटी पाहतच नाही. तेव्हा ज्या कॉलेजाला अर्ज करायचा त्याचा चालू वर्षाचा नियम वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या सल्ल्यावर जाऊ नका.

नकाराचं पत्र हा फाइलीचा सर्वांत वाईट भाग. कारण देत नाहीत. रांगेत तुमचे गुण कमी पडतात, फाइलीत तुम्ही स्वतःच कमी पडलात असं वाटतं. सतरा-अठराव्या वर्षी हा फरक लहान नाही.

या दोन्हींच्या मधली एक वाट ब्रिटनमध्ये आहे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला एका वर्षी यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, मुदत १५ ऑक्टोबर, आणि मुलाखत छंदांची नसून विषयाची असते. ज्याला एका विषयाचं खरोखर वेड आहे पण बाकी 'प्रोफाइल' कोरं आहे, त्याने इकडे जरूर पाहावं.

प्रवेशासाठी सोडतीचं नाव काढलं की लोक हसतात. पण नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी १९७० च्या दशकापासून सोडत होती. गुण जास्त तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. १९९० च्या दशकात दहापैकी ९.६ सरासरी असलेल्या विद्यार्थिनीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा निघाली नाही, तेव्हा देशभर ओरड झाली आणि अतिशय हुशार मुलांना थेट प्रवेश मिळू लागला. २०१७ मध्ये सोडत बंद झाली, २०२३ पासून संस्थांना पुन्हा परवानगी मिळाली. निवडीचे बाकी मार्ग वापरून पाहिल्यावर चिठ्ठीच बरी वाटावी, यात बरंच काही आलं.

आता तुमचं. एका जागी बसून दोन वर्षं तोच अभ्यास करण्याचा कंटाळा येत नसेल, आणि घरात इंग्रजी निबंध तपासणारं किंवा शाळेत शिफारसपत्र लिहिण्याची सवय असलेलं कुणी नसेल, तर रांग तुमच्या सोयीची. तिथे वशिला कमी चालतो. गुण चांगले पण सर्वोत्तम नाहीत, आणि सांगण्यासारखं काहीतरी खरोखर केलं आहे, तर फाइल. मात्र परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निवड करणारी कॉलेजं अगदी मोजकी आहेत. बाकी ठिकाणी 'आर्थिक मदत हवी' या खुणेचंही वजन होतं.

फाइलीचं दार निवडलंत तर स्वीकृतीच्या टक्केवारीने घाबरू नका आणि हुरळूही नका. एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज जातात, त्यामुळे अर्जांची संख्या फुगते आणि तीन-चार टक्के हा आकडा दिसतो तितका भयंकर प्रत्येकासाठी नसतो. अगदी वरच्या कॉलेजांना मात्र सोडतीसारखंच धरा. मिळालं तर मिळालं. डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की सारख्याच ठिकाणी अर्ज करून सारखेच स्वीकार-नकार मिळालेल्यांत, कमी निवडक कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीने फारशी मागे पडत नाही. गरीब घरातल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजाचा फायदा होतो. म्हणजे घरची परिस्थिती जितकी बेताची, तितका हा खटाटोप करण्यासारखा.

आणि अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजाला बाकीच्यांआधी करायचा अर्ज. त्यात मुदत बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते आणि प्रवेश मिळाला तर जायचंच असं बंधन येतं, म्हणजे दुसऱ्या कॉलेजाची मदत किती हे ताडून पाहता येत नाही. खर्चाचा आकडा ज्यांना मोजावा लागतो त्यांनी ती सही करण्याआधी घरात बसून बोलावं. त्या करारावर आईवडिलांचीही सही लागते.