६५ ईडी घेऊ की ८० साधा? पाणपक्ष्यांसाठी स्कोप निवडताना

थंडी सुरू झाली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, स्कोप घ्यायचाय, फार महाग नको, कुठला घेऊ. स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्यानं लांबचं बघायची दुर्बीण. वरचे ६५ नि ८० हे तिच्या पुढच्या काचेचे मिमीतले व्यास, आणि ईडी म्हणजे रंगांची किनार कमी करणारी खास काच. यंदा एकाच आठवड्यात तिघांनी विचारलं म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकू. बजेट मी मध्यम धरतेय, म्हणजे स्कोप आणि ट्रायपॉड दोन्ही मिळून ४० हजारांच्या आसपास, ओढून ताणून ५०. नुसत्या स्कोपचं बजेट धरू नका, का ते पुढे येईलच.

आधी हे बघा की तुम्ही पक्षी बघता कुठून. भिगवणला जाऊन दर वेळी होडीतच बसत असाल, किंवा ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीनं फ्लेमिंगो बघायला जात असाल, तर स्कोप घेऊ नका. होडी हलते, त्यात ट्रायपॉड हलतो आणि ३० पट मोठं करून बघताना ती हालचालपण ३० पट मोठी होते, पक्षी नजरेत ठरतच नाही. तिथं ८x४२ची (८ पट, ४२ मिमी काचेची) चांगली दुर्बीणच बरी. जंगलात फिरणाऱ्यांनाही हेच सांगेन, भीमाशंकरला किंवा आंबोलीला झाडीत पक्षी २० मीटरवर असतो, तो फांदी बदलायच्या आत स्कोप लावून होत नाही. स्कोपचं काम काठावर उभं राहून लांबचं बघण्याचं. नांदूरमध्यमेश्वरला चापडगावचा काठ, जायकवाडीचा फुगवटा, उरणकडच्या पाणथळी, अक्षीचा किनारा ओहोटीला, गोव्यात मोरजीला कुरव नि सुरय बसतात ती वाळू, अशा जागी तुमचं वर्षातून आठ-दहा वेळा तरी जाणं असेल तर पैसे वसूल आहेत. ३०० मीटरवरचं बदक ३० पटीला १० मीटरवर बसल्यासारखं दिसतं, दुर्बिणीच्या ८ पटीला तेच जवळपास ३८ मीटरवर राहतं.

आता या बजेटमध्ये माझ्या डोळ्यासमोर चार स्कोप आहेत. सेलेस्ट्रॉन अल्टिमा ८०, झूम २०-६०, पुढची काच मोठी, ईडी नाही, वजन दीड किलोच्या वर. एसव्हीबोनीचा एसव्ही४०६पी, १६-४८x६५, म्हणजे झूम १६ ते ४८ पट आणि काच ६५ मिमी, ईडीवाली. व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी, तोही १६-४८x६५, चौघांत सहसा हाच सगळ्यात महाग पडतो आणि ट्रायपॉड धरला तर ५० हजारांची मर्यादा मोडू शकते. आणि कोवा टीएसएन-५०१, २०-४०x५०, एवढासा, साधारण ४०० ग्रॅमचा. नेमके भाव मुद्दाम लिहीत नाहीये, बाहेरून येणारा माल आहे, महिन्यामहिन्याला बदलतो, घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

खरी अडचण पहिल्या दोघांत होते. सगळ्यांचा ओढा ८०कडे असतो आणि ते साहजिक आहे, पैसे तेवढेच आणि काच मोठी. हिशेब बघितला तर ८०ची काच ६५पेक्षा दीडपट प्रकाश घेते, हे खोटं नाही. पण डोळ्यापर्यंत किती उजेड पोचतो ते काचेच्या व्यासाला झूमने भागून कळतं. ८०ला २०वर ४ मिमी, ६५ला १६वर तेही ४ मिमीच. आणि शेवटच्या टोकाला ८०ला ६०वर १.३३, ६५ला ४८वर १.३५. म्हणजे दोघंही आपापल्या टोकाला सारखेच अंधारतात, फरक पडतो तो एकाच झूमवर दोघांना ठेवलं तरच, समजा दोघांना ३०वर ठेवलं तर ८०ला २.७ आणि ६५ला २.२. हा फरक पहाटे आणि संध्याकाळी जाणवतो, एरवी उन्हात फारसा नाही.

ईडीचं मात्र उलट आहे, ते उन्हातच कळतं. साध्या भिंगातून वेगवेगळे रंग एकाच जागी फोकस होत नाहीत, म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी रेघ दिसते, झूम वाढवाल तशी ती वाढते. ईडी काच ती रेघ बरीच कमी करते. कागदावर वाचताना हे किरकोळ वाटतं, मलाही वाटलं होतं.

मागच्या जानेवारीत आम्ही भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर होतो, माझा ६५ ईडी आणि मैत्रिणीचा ८० साधा, दोन्ही शेजारी शेजारी लावलेले. पावणेसातला अजून सूर्य वर आला नव्हता तेव्हा तिचाच स्कोप सरस होता, पाण्यावर चक्रवाकांचा थवा होता आणि तिच्या २०वर त्यांचा नारिंगी रंग माझ्याआधी कळत होता, मी मान्य करते. मग आठच्या सुमाराला समोरच्या चिखलावर टिलव्यांचा, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांचा, घोळका उतरला, तीस-चाळीस असतील, सगळे छोटे टिलवे म्हणून आम्ही सोडूनच देणार होतो. त्यात एक जरा वाकून, सावकाश, मातीला चिकटून चालत होता, छाती सगळी एकसारखी करडी, बाकीच्यांसारखा मधोमध पांढरेपणा नाही. टेमिंक्स टिलवा असावा असं वाटलं पण खात्री पायांवरून होते, छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि याचे पिवळसर. माझ्या ६५मधून ४०ला पाय दिसले, चिखल लागलेले पण पिवळसर, पायाची कड कड म्हणून दिसत होती. तिच्या ८०मधून ४५ला पक्षी मोठा होता पण ओल्या चिखलाची चमक आणि पाय यांच्यामध्ये जांभळट किनार, आणि ज्या पायाचा रंगच बघायचाय त्यालाच रंगाची किनार आली तर काय बघणार. तिनं ३०वर उतरवलं तेव्हा तिलाही दिसलं. मग शेजारी शेकाट्या आला, काळे पंख, पांढरं पोट, तर त्या पांढऱ्याच्या कडेला ती रेघ इतकी स्पष्ट होती की शेजारच्या शाळकरी मुलानंसुद्धा विचारलं हा जांभळा का दिसतोय.

त्यामुळे माझं मत ६५ ईडीकडे झुकतं. फक्त ईडी हा शब्द डब्यावर छापला म्हणजे सगळ्या काचा सारख्या होत नाहीत, स्वस्त ईडी आणि महाग ईडी यांत फरक असतोच, पण याच किमतीतल्या साध्या ८०शी तुलना करतोय तोवर ६५ ईडी पुढे राहतो. आणि ६० पट हा आकडा बघून भुलू नका. आपल्याकडे नऊ-साडेनऊ झाले की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मार्चमध्ये तर आठलाच, तेव्हा ६०ला पक्षी पाण्यात बुडल्यासारखा लिबलिबीत दिसतो, स्कोप कितीही भारी असो. मी ९० टक्के वेळ २० ते ३५ मध्येच असते. त्याच कारणासाठी २५-७५ झूमवाले ७० मिमीचे स्वस्त स्कोप मी सुचवत नाही, सुरुवातच २५पासून म्हणजे नजरेचं वर्तुळ आधीच अरुंद, पक्षी शोधण्यातच वेळ जातो, आणि ७५ला व्यासाचा हिशेब १ मिमीच्याही खाली जातो.

८० कुणी घ्यावा? ज्यांची गाडी काठापर्यंत जाते, फार चालायचं नाही, आणि जे मुख्यतः पहाटे नि संध्याकाळी बघतात, रात्रथाऱ्यावर येणारे भोवत्ये (शिकारी पक्षी) मोजणारे वगैरे, त्यांना ८०चा उजेड खरंच कामी येतो. रात्री चंद्र नि गुरूचे उपग्रह दाखवायला पण तो छान, घरात मुलं असतील तर हा मुद्दा लहान नाही. पण दीड किलोचा स्कोप म्हटल्यावर ट्रायपॉडपण तसाच दणकट लागतो, मिळून चार किलोच्या वर जातं, अक्षीच्या वाळूत दोन किलोमीटर खांद्यावर घेऊन चालल्यावर त्याचा अर्थ कळतो.

कोवाचा ५० मिमी हा वेगळाच प्राणी आहे. ज्यांना बाकी सामान आहे, कॅमेरा आहे, पाठ दुखते, बसनं रेल्वेनं फिरतात, परदेशी मुलांकडे जाताना बॅगेत टाकायचाय, त्यांच्यासाठी. ४०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही, हलक्या ट्रायपॉडवरपण नीट बसतो. प्रकाश मात्र ६५पेक्षा बराच कमी, ६५ची काच याच्या जवळजवळ १.७ पट प्रकाश घेते, ३०च्या पुढे ढगाळ सकाळी अंधारतो. पण घरी ठेवलेल्या मोठ्या स्कोपपेक्षा बरोबर नेलेला छोटा कधीही बरा, आणि आमच्यातल्या एका सत्तरीच्या काकांनी मोठा विकून असा छोटा घेतल्यावर ते पुन्हा दर रविवारी यायला लागले.

व्होर्टेक्सबद्दल थोडक्यात सांगते, बजेट ताणता येत असेल तर जरूर बघा, पण वॉरंटी भारतात कोण देणार, दुरुस्तीला कुठं पाठवायचा हे लेखी विचारून घ्या, आणि हे चारही स्कोपना लागू.

सरळ की तिरका हा प्रश्न पण येतोच. तिरका म्हणजे आयपीस, डोळा लावायचा भाग, ४५ अंशात वर वळलेलं. मी तिरकाच सांगेन. चार जण बघणार असतील तर सगळ्यात बुटक्या माणसाच्या उंचीला लावला की उंच माणूस वाकून बघतो, लहान मुलालाही दिसतं, ट्रायपॉड खाली राहिल्यामुळे वाऱ्यात कमी हलतो, आणि झाडावरची मोरघार बघताना मान मोडत नाही. सुरुवातीला पक्षी सापडत नाही ही तक्रार खरी आहे, दोन सहलींत हात बसतो. गाडीच्या खिडकीतूनच बघणार असाल तर मात्र सरळ सोयीचा. चष्मा लावत असाल तर आय रिलीफ (आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या खाली असलेला घेऊ नका, कडा कापल्या जातात.

आता ट्रायपॉड, आणि इथं मी हट्ट धरणार आहे. चाळीसातले किमान १२-१३ हजार ट्रायपॉड आणि हेडला (ट्रायपॉडवरचा, स्कोप बसवून फिरवायचा भाग) ठेवा. माझी पहिली दोन वर्षं यात वाया गेली. स्कोप बरा होता, खाली मात्र फोटोवाल्या दुकानदारानं गळ्यात मारलेला हलका ट्रायपॉड आणि बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं हेड. वारा आला की चित्र थरथरायचं, फोकसला हात लावला की थरथरायचं, आणि बॉल हेड सैल केलं की स्कोप नाक खाली टाकून पडायचा. मला वाटायचं काचच वाईट आहे. एकदा नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर एका काकांनी माझा तोच स्कोप त्यांच्या ट्रायपॉडवर लावून दिला आणि तलवार बदकाच्या शेपटीचं टोक सुईसारखं दिसलं, मी गप्पच झाले. स्कोपला व्हिडिओवालं फ्लुइड हेड लागतं, एका दांडीनं डावी-उजवीकडे आणि वर-खाली हळू फिरणारं, उडत्या सुरयाच्या मागे जायचं तर त्याशिवाय जमत नाही. पाय ॲल्युमिनियमचे चालतात, कार्बनचे हलके पण महाग. मधला दांडा वर काढून उंची गाठायची सवय नको, सगळी थरथर तिथूनच येते, म्हणून पायांचीच उंची पुरेशी आहे का ते बघून घ्या.

मोबाईल लावून फोटो काढायचे असतील तर ॲडॅप्टर मिळतात, कव्हरसकट फोन बसतो का बघा. ओळख पटवायला, नोंद टाकायला असा फोटो पुष्कळ झाला. ठाणे खाडीत बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेनं पाणपक्ष्यांच्या पायात रिंगा नि फ्लॅग लावलेत, असा पक्षी दिसला तर डोळ्यानं अक्षरं वाचण्यापेक्षा मोबाईलवर व्हिडिओ घेऊन मग घरी थांबवून थांबवून वाचणं सोपं जातं.

पावसाळ्याचं एक. वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेला असेल तर आतून धुकं धरत नाही, तरी कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर कापडी पिशवीत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. बुरशी एकदा काचेवर चढली की साफसफाईचा खर्च नव्या स्वस्त स्कोपच्या जवळ जातो.

म्हणून पहिलाच स्कोप असेल, ४० हजार असतील आणि काठावरून बघणं असेल तर मी ६५चा तिरका ईडी घेईन आणि उरलेले सगळे फ्लुइड हेडमध्ये घालीन. घ्यायच्या आधी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली समोरचं पोस्टर बघून ठरवू नका, गच्चीवर किंवा रस्त्यावर न्यायला सांगा. लांबचा अँटेना किंवा विजेची तार आभाळासमोर धरा, सूर्याच्या दिशेला अजिबात नको, आणि झूम ३०ला नेऊन तारेच्या दोन्ही कडांचा रंग बघा. मग फोकसचं चाक पुढे-मागे फिरवा, एका ठिकाणी चित्र चटकन लख्ख झालं पाहिजे, अमुक ते तमुक कुठंही बरं दिसतंय असं वाटलं तर तो पीस नको. ऑनलाइन मागवला तर हेच पहिल्या दोन दिवसांत करा, परत पाठवायची मुदत संपायच्या आत, आणि तोवर डबा नि थर्माकोल फेकू नका.