सात महिने सुपरव्हिजन: तीन मिनिटांची शांतता आणि एक वही

कोचिंग, म्हणजे प्रश्न विचारून क्लायंटला त्याचा मार्ग शोधायला मदत करणं, सुरू करून बरीच वर्षं झाली. पण नियमित सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी व्यक्तीशी बोलून ते तपासणं, घेतेय ते गेले सात महिने. महिन्यातून दोनदा, तासभर. आधी तीन मिनिटं गप्प बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग केस मांडायची. पहिले दोन महिने ती तीन मिनिटं वाया गेल्यासारखीच वाटायची.

मत बदललं ते एका सत्रात. माझा एक क्लायंट प्रश्न विचारला की गप्प व्हायचा आणि मी लगेच सल्ला देऊन मोकळी व्हायचे. हे सांगताना मी भरभर बोलत होते. सुपरव्हायझरही एकामागून एक उपाय सुचवू लागल्या, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "मी तुम्हाला घाईघाईने उत्तरं देतेय. एरवी मी असं करत नाही. तुमच्या अंगात आत्ता काय चाललंय?"

पाहते तर पेन मुठीत आवळलेलं, दात दाबून धरलेले. क्लायंट गप्प बसला की आपण कमी पडतोय, ही भीती मला धरायची आणि तीच घाई होऊन सुपरव्हायझरपर्यंत पोचली होती. क्लायंट आणि आपल्यात जे घडतं तेच आपल्यात आणि सुपरव्हायझरमध्ये पुन्हा घडतं, याला पॅरलल प्रोसेस म्हणतात. मानसोपचारातल्या सुपरव्हिजनबद्दल मानसोपचारतज्ज्ञ हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच हे मांडलं होतं. मला ते पाठ होतं, अंगावर आलेलं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सत्रानंतर लिहायच्या वहीचं मात्र सहज जमलं नाही. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे सत्रात काय घडलं, उजवीकडे माझ्यात काय घडलं. तिसऱ्या महिन्यात डावी बाजू गच्च आणि उजवीकडे नुसतं "ठीक होतं". सुपरव्हायझर वाचणार म्हणून मी शहाण्यासारखं लिहीत होते. वही दाखवायची नाही असं ठरलं, तेव्हा कुठे खरं उतरायला लागलं. (क्लायंटची ओळख पटेल असं काही वहीतही लिहू नये.)

व्यावसायिक माणसं कामातून कशी शिकतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम चालू असतानाचं चिंतन आणि नंतरचं चिंतन असा फरक केला. वही नंतरच्याला उपयोगी. पण हल्ली सत्र चालू असतानाच दात दाबले गेलेले कळतात, आणि मी बोलायची थांबते.

सुरुवातीच्या त्या तीन मिनिटांत डोळे मिटायचा आग्रह मात्र कुणी धरू नये. मन अस्वस्थ असताना डोळे मिटून बसल्याने मला एकदा जास्तच त्रास झाला. आता डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले. आणि तासाभरात दोन केस नीट होत नाहीत, म्हणून एकच घेऊन जाते.