जुन्या गाडीला ओबीडी स्कॅनर : बरेच महिने वापरल्यानंतर

चेक इंजिनचा दिवा लागला की दोषाचा कोड वाचता यावा म्हणून लोक ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र, घेतात. मीही त्यासाठीच घेतला. आता मात्र कोड वाचणं हा त्याचा सगळ्यात किरकोळ उपयोग वाटतो. खरा माल लाइव्ह डेटात, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांत आहे.

माझा स्कॅनर म्हणजे काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल, ईएलएम ३२७ या चिपच्या जातीचा. गाडी पेट्रोल, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. स्टिअरिंगखाली, गुडघ्यांजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात डोंगल लावायचा, फोनवर अ‍ॅप उघडायचं, झालं. गाडी फारच जुनी असेल तर आधी वाकून तो सॉकेट आहे का ते बघा. अमेरिकेत ओबीडी-२ (हा सॉकेट ज्याचा भाग आहे ते मानक) सक्तीचं झालं १९९६ पासून, बाकी ठिकाणी आणखी उशिरा.

पहिला कोड आला पी ०१७१. म्हणजे मिश्रण पातळ : हवा जास्त, पेट्रोल कमी. यावर ज्याला विचारावं तो वेगळा पार्ट सांगतो. ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर, पेट्रोल पंप, आणि स्वस्त यातलं काहीच नाही. मी अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम लावून बसलो. मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडावं लागतंय, ते हा आकडा सांगतो. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाचा) आणि लाँग टर्म (साठवून ठेवलेला) या दोन्ही ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे-तिकडे असेल तर काळजी नको. माझ्याकडे आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) ती २० च्या वर होती, पण रेस देऊन २५०० आरपीएमवर धरली की एकदम खाली यायची. इथेच निदान झालं : कुठल्या तरी फटीतून जादा हवा आत शिरतेय. फटीतून शिरणारी हवा थोडीशीच असते. आयडलला इंजिन मुळातच कमी हवा घेतं, म्हणून तेव्हा ती जास्त जाणवते. रेस दिल्यावर एकूण हवेत ती कुठल्या कुठे जाते. उलट, रेस वाढवली की ट्रिमही चढत गेला असता तर पंप किंवा फिल्टरवर संशय घेतला असता.

ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ पुन्हा हवेच्या वाटेला नेणारा, रबरी पाईप वरून धडधाकट दिसत होता. खालच्या बाजूला, वळणावर बोटाने दाबला तर चीर उघडली. रबर इतकं कडक झालं होतं की वाकवताना कुरकुरलं. पाईप बदलला, ट्रिम जागेवर आला. सेन्सरला हातही लावावा लागला नाही.

दुसरा अनुभव थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध, तक्रार काही नाही, फक्त मायलेज घसरलं होतं. स्कॅनरवर कूलंट मोकळ्या रस्त्यावर ७० अंशांच्या वर जाईना. जायला हवं साधारण ९० च्या आसपास. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो, मधल्या मोठ्या टप्प्यात हलतच नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल जास्त सोडत होता.

मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचा) कोड, समजा पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावून बघा. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. तिथेच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

बॅटरीसाठीही उपयोग होतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १४ च्या आगेमागे. पण स्वस्त डोंगलचा व्होल्टेजचा आकडा थोडा चुकतो. एकदा मल्टिमीटर लावून फरक लक्षात ठेवा.

आता जे जमत नाही ते. ब्रेक पॅड, टायर, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग, ऑइलची पातळी, यातलं काहीही हा सांगत नाही. टायमिंग बेल्ट तर तुटेपर्यंत गप्प असतो. तो कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, बदलायचाच. एबीएस आणि एअरबॅगचे कोडही असल्या स्वस्त डोंगलवर बहुतेक वेळा दिसत नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. चावी काढली तरी १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट चालूच असतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, जुनी बॅटरी तेवढ्यानेही बसू शकते. आणि गॅरेजला जाण्याआधी हौसेने कोड पुसू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष नोंदला गेला तेव्हा वेग, आरपीएम, तापमान किती होतं ते. मेकॅनिकला हवं असतं नेमकं तेच. मी तर आता त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि ट्रिमचे आकडेच त्याला पाठवतो. ‘सेन्सर बदलून बघू’ हे वाक्य तेव्हापासून ऐकलेलं नाही.

आयफोनवाल्यांनी घेताना वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा बघून घ्यावा, साध्या ब्लूटूथचा हा डोंगल त्यावर चालत नाही.