हातात मावणारं एबीजी मशीन: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कितपत टिकतं?

तालुक्याच्या आयसीयूला हे कार्ट्रिजवालं (एकदाच वापरायच्या चाचणी-डबीवर चालणारं) एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू तपासणारं, मशीन घ्यावंच. थोडंसं धमनीचं रक्त, आणि काही मिनिटांत पीएच (रक्ताची आम्लता), पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब), पीओटू (ऑक्सिजनचा दाब) समोर. नुसत्या पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नका: डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसच्या (मधुमेहात रक्त धोकादायक आम्लधर्मी होतं, त्या) पेशंटचं बोट ९८ टक्के ऑक्सिजन दाखवतं आणि पीएच ७.१ इतका घसरलेला असतो!

अडचण आहे ती उष्णतेची. कार्ट्रिज २ ते ८ अंशांत ठेवायची. मशीनला खोली साधारण ३० अंशांच्या आत लागते. मे महिन्यात परभणीत एसी बंद पडला की काम थांबलंच.

बाकी चुका सॅम्पलच्या. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला की कमी असलेला पीओटू खोटा वाढतो. पातळ हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेलं औषध) जास्त झालं की पीसीओटू, बायकार्ब (रक्तातलं बायकार्बोनेट) खोटे उतरतात. म्हणून सिस्टर, बुडबुडा लगेच काढा, सिरिंज तळहातांत घोळवा, रक्त घेतलेलं मनगट किमान ५ मिनिटं दाबून धरा. कार्ट्रिज मात्र महाग पडते.